कोटात नेलेलं पाणी

आमच्या गावात नारळी पुनवेला दर्यात नारळ सोडायचा क्रम ठरलेला आहे. पहिला नारळ माझ्या सासरचा आणि शेवटचा माझ्या माहेरचा. बाकीची घरं मधे. हा क्रम पंचांनी लावला नाही, एका लढाईने लावला.

गावाच्या टोकाला एक लहान कोट आहे. तारापूरच्या किल्ल्यापुढे तो म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, पण त्याच्यासाठीही माणसं मेलीच. आधी तो कुणा राजाचा होता, मग गुजरातच्या सुलतानाचा. मग गळ्यात क्रूस घालून फिरंगी आले आणि त्यांनी दरवाजावर क्रूस कोरला. आपण देवाचं काम करतोय असं त्यांना वाटत होतं. त्यांना हाकलायला मराठे आले, तेही देवाचं नाव घेतच आले. झेंडा कुणाचाही असो, भिंतीचे दगड वाहिले ते आमच्या लोकांनी. आता त्या भिंतीवर आम्ही जाळी सुकत घालतो.

मराठ्यांनी कोटाला वेढा घातला तेव्हा माझ्या सासरच्या मूळपुरुषाने भिंतीला पहिली शिडी लावली, असं सांगतात. आणि माझ्या माहेरच्या मूळपुरुषाने अंधारात होडी काढून आतल्या फिरंग्यांना पाणी पोचवलं. म्हणून सासरचं घर शिडीवाल्यांचं आणि माहेरचं फितुरांचं. एवढ्या पिढ्या गेल्या, पण भांडण कशावरूनही निघो, जाळ्यावरून की कुंपणावरून, शेवटी कुणीतरी फितूर म्हणतंच.

माझ्या बापाने मला या गोष्टीचा उरलेला भाग सांगितला होता. फिरंग्यांनी वेढ्याआधी गावातली बायामाणसं धरून आत नेली होती, दगड उचलायला आणि दळायला. त्यात आमच्या मूळपुरुषाची बायको होती. आतली विहीर आटली. त्याने पाणी नेलं ते तिच्यासाठी. तिला किती मिळालं, फिरंगी किती प्यायले, ते कोण सांगणार? वेढा मात्र लांबला आणि बाहेरची आणखी माणसं मेली. बाप हेही सांगायचा, लपवायचा नाही.

लग्न होऊन आले त्या पहिल्याच पुनवेला मी ही गोष्ट सासूला सांगितली. ती बोंबील सुकायला वलांडीवर टाकत होती, हात न थांबवता म्हणाली, "तुज्या बापाकडचं पानी तुज्या बापाकडं ठेव गो. हितं शिडी हाय." पुढे मी मासळीची पाटी घेऊन बोईसरला बसायला लागले, मुलं झाली, सासू गेली, नवरा गेला. घरात मी सगळ्यांत मोठी झाले. पहिल्या नारळाचा मान माझ्या मुलाकडे आला. तो कारखान्यात पाळीवर जातो, पण पुनवेला रजा टाकतो.

दोन वर्षांमागे बोईसरहून काही तरुण आले. कुणी कारखान्यात, कुणी प्लांटवर कामाला, मूळचे घाटावरचे. सुटीच्या दिवशी किल्ले साफ करतात. पोरं चांगली. त्यांनी कोटातली झाडी तोडली, बाटल्या उचलल्या, ज्या कामाला आमच्यातला एकही गेला नव्हता. मग म्हणाले, इथे पाटी लावायची, लढाईची माहिती लिहायची. शिडीवाल्यांचं घर कुठलं ते विचारत माझ्याकडे आले.

ते येऊन गेल्याचं गावभर झालं. दुसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ आला. तो सणावाराशिवाय माझ्या दारी येत नसे. आला की कुणीतरी थट्टा करायचंच, पाणी घेऊन आला काय म्हणून. ओट्यावर बसला, चहा घेतला, हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "बाय, त्या पाटीवर फितूर लिवतील काय?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"मला कोनी तोंडावर बोलला तं मी चार शिव्या घालतो. तो इसरतो, मी इसरतो. पाटीला कोन शिव्या घालनार? माजी नात कोटाच्याच वाटेनं शालेत जाते. तिला वाचता येते."

मी म्हटलं, सांगते त्यांना.

आणि सांगितलं. ते परत आले तेव्हा शिडी सांगितली, पाणीही सांगितलं, आतल्या बायकोसकट. त्यातला एक फोनवर लिहून घेत होता, तो थांबला. "म्हणजे आजी, तो फितूर नव्हताच?"

"पाणी नेलं ते नेलंच," मी म्हटलं. "पण बायको आत होती. दोन्ही लिहायचं असेल तर लिहा, नाहीतर काहीच लिहू नका."

त्यांनी माना डोलावल्या. जाताना पाया पडले. मला वाटलं, काम झालं.

थंडीत पाटी लागली. ढोल वाजले, माझ्या मुलाला शाल दिली. मी चौथी शिकलेले, अक्षर अक्षर लावून वाचते. वरती शिडीचं होतं, शूर, पराक्रमी, सगळं. खाली एक ओळ होती: काही स्थानिकांनी शत्रूस पाणी पुरवले. फितूर हा शब्द नव्हता. घराचा उल्लेख नव्हता. बायकोही नव्हती. मी विचारलं तेव्हा लिहिणारा म्हणाला, "आजी, जागा कमी पडली. पण तुमच्यासाठी तो शब्द काढला बघा." त्याला खरंच वाटत होतं की त्याने माझं ऐकलं.

भाऊ आला होता. लोकांच्या मागे उभा राहून त्याने वाचलं आणि निघून गेला.

पुढच्या नारळी पुनवेला मी मुलाला सांगितलं, आज आपला नारळ धरून ठेव, मामा आला की त्याचा पहिला जाऊ दे. मुलाने आधी माझ्याकडे बघितलं, मग बरं म्हणाला. किनाऱ्यावर सगळे थांबले. बायका गाणी म्हणून दमल्या. भरती उतरायला लागली तशी कुजबुज सुरू झाली. एक म्हातारा म्हणाला, "तुज्या भावासाठी दर्या थांबंल काय?" थांबत नाही. मुलाने नारळ सोडला, मागोमाग बाकीच्यांनी सोडले. शेवटचा नारळ त्या वर्षी कुणाचाच नव्हता.

संध्याकाळी मी भावाकडे गेले. अंगणात जाळं शिवत बसला होता. त्याचा नारळ देवापुढे तसाच, हळदकुंकू लावलेला. मी त्याला म्हटलं, पहिला मान तुला ठेवला होता, का आला नाहीस?

"लढाईचा मान घेऊन काय करू, बाय?" तो म्हणाला. "तुमी तो ठेवा. मी शेवटचा होतो तेच बरा होता. तवा कोनी लिवला नव्हता."

मग मी त्याच्या नातीचं विचारलं, दिसली नाही म्हणून.

"आता खाडीकडून जाते शालेत. लांब पडते. चिखल हाय. पन जाते."

पाटी अजून आहे. तिच्या खांबाला आता कुणीतरी जाळ्याची दोरी बांधतं. पोर खाडीकडूनच जाते.