रानकांद्याची संध्याकाळ

ताई राजूरहून पुसदला माझ्याकडे आली, तेव्हा टेकडीवर रानकांदा फुलला होता. तिला तो पाहायचा होता. पण अंगणातल्या कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखरू कोषातून बाहेर पडून पंख वाळवत होतं.

मी म्हटलं, "हे आधी पाह्य, ताई. याचं आयुष्य कितीसं? कांदा कुठं पळून जाते?"

ते उडालं तेव्हा सूर्य मावळत आला होता; टेकडी गाठेपर्यंत अंधार पडला असता. सकाळी टेकडीवर गेलो, तर आदल्या संध्याकाळी उमललेली फुलं मिटून सुकली होती.

"वर कळ्या हायेत अजून," ताई म्हणाली. पण त्या उमलणार संध्याकाळी, आणि दुपारीच तिची बस होती.

पुढच्या उन्हाळ्याआधीच ताई गेली. रानकांदा पुन्हा फुलला तेव्हा मी संध्याकाळी एकटीच टेकडीवर गेले. फुलं उघडी होती. मला फार वेळ बसवलं नाही.