आठ महिन्यांचं इंग्रजी

माझी मुलगी अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती, आणि मी मात्र आमच्या बिल्डिंगमधली सगळ्यात बडबडी बाई म्हणून प्रसिद्ध होते. मी मूळची लातूरकडची. तिकडे आम्ही भिंतीशीसुद्धा गप्पा मारतो. लग्नानंतर थेरगावात, डांगे चौकाच्या मागे दोन खोल्यांत राहायला आले. नवरा चाकणच्या कंपनीत, बसने जायचा-यायचा. दिवसभर घरात मी आणि ही पोर. हाक मारली तर तिची मान वळायची नाही. कपड्यांचे चिमटे एका ओळीत लावत बसायची, ओळ मोडली की किंचाळायची. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून मला माठाकडे ओढायची, पण माझ्या तोंडाकडे बघायची नाही. माझा हात तिच्या लेखी पक्कड होता.

घरमालकीणबाई जुन्या थेरगावच्या. जिन्यात लसूण सोलता सोलता म्हणायच्या, "बोलंल गं. माझा थोरला पाच वर्साचा हुईस्तवर मुका हुता. आता त्याचं त्वांड बंद हुईना." ऐकून मला बरं वाटायचं. बरं वाटायचं म्हणूनच मी बरेच महिने काही केलं नाही.

मग तिला प्ले-ग्रुपमध्ये घातलं. महिनाभरात तिथल्या बाईंनी बोलावून घेतलं. "घरात किती भाषा बोलता?" मी सांगितलं. माझं लातूरकडचं बोलणं, नवरा कंपनीतून घेऊन येतो ते हिंदी, खालच्या गॅरेजवाल्यांच्या घरात उर्दू, आणि टीव्हीवर सगळंच. "तेच तर," बाई म्हणाल्या. "मूल गोंधळलंय. उद्यापासून घरात फक्त इंग्लिश. आणि ते गावठी तर अजिबात नको." कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याला घाम फोडणारी मी, त्या दिवशी गपगुमान मान डोलावून आले. 'गावठी' या शब्दापुढे माझी सगळी ऐट गळाली. आपल्याच जिभेनं पोरीचं वाटोळं केलं असं वाटलं.

माझं शिक्षण बारावी, तेही मराठी माध्यमातून. जमतील तेवढे शब्द कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवले. कम, सिट, ईट, स्लीप, नो. नवऱ्याचं इंग्रजी कंपनीतलं. भाताचा घास पुढे धरून तो विचारायचा, "चेक?" तिनं तोंड फिरवलं की स्वतःच म्हणायचा, "रिजेक्ट." पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं पोट धरून हसलो. पुढं हसू येईना. इंग्रजीत मला पोरीला भरवता येत नव्हतं, रागावता येत नव्हतं, लाडानं बोलता येत नव्हतं. एकदा ती तापानं फणफणली होती. मी उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते आणि मला एवढंच म्हणता येत होतं, "स्लीप. गुड गर्ल. स्लीप." माझ्या आईनं माझ्या तापात काय काय म्हटलं होतं ते सगळं ओठांपर्यंत आलं होतं. ते मी गिळलं.

असे आठ महिने गेले. पोर बोलती झाली नाहीच, उलट घर मुकं झालं.

शेवटी लस देणाऱ्या डॉक्टरांनीच तिला दोन-तीनदा हाक मारून बघितली आणि मुलांच्या वाढीच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. चिंचवडला दोन खेपा झाल्या. डॉक्टरबाई तिच्याशी जमिनीवर बसून खेळल्या, आम्हाला नाही नाही ते विचारलं, आणि मग सांगितलं, "हा ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात."

नवऱ्यानं विचारलं, "गोळ्या किती दिवस घ्यायच्या?"

"बोलतं करणारी गोळी नसते. थेरपी असते. ती तिलाही शिकवेल आणि तुम्हालाही."

मी विचारलं, "घरात भाषा जास्त झाल्या म्हणून झालं का हो?"

"नाही. तसं होत नसतं. तुम्ही तुमच्या भाषेत बोला तिच्याशी, भरपूर बोला."

मला रडू यायला हवं होतं, आला तो राग. रिक्षात बसल्याबरोबर मी प्ले-ग्रुपच्या बाईंचा उद्धार सुरू केला. नवरा म्हणाला, "त्या बाईला काय बोलतीस? मान कुणी डोलावली, तू का मी?" खरं होतं ते. खरं होतं म्हणूनच मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

थेरपिस्ट माझ्यापेक्षा लहान होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, घरी जसं खेळता तसं खेळून दाखवा." मी मुलीसमोर मांडी घातली, हात पुढे केला आणि डॉक्टरबाईंनी सांगूनही आठ महिन्यांच्या सवयीनं इंग्रजीच बोलले. "गिव्ह बॉल. गिव्ह." मुलगी चेंडू फिरवत बसली होती. थेरपिस्टनं थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "ताई, तुम्हाला राग येतो तेव्हा कोणत्या भाषेत येतो?"

मी ओशाळून म्हणाले, "आमच्या लातूरच्या."

"मग त्याच भाषेत मागा."

आधी जीभच उचलेना. परक्या घरात आवाज चढवायचा असावा तशी भीती वाटली. मग एकदम बांध फुटला. "अगं बाई, आण की इकडं तो चेंडू! कवापासून मागायलेय मी, अन् तू बसलीस राणीवानी!" तिनं चेंडू दिला नाही. पण मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. हाताकडे नाही, तोंडाकडे. थेरपिस्टनं ते वहीत लिहून घेतलं. मी तिथंच, त्या रंगीत चटईवर, हमसून हमसून रडले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा जातोय. झोका, मणी ओवणं, चित्रांची कार्डं. कुकरच्या शिट्टीला ती किंचाळते ते वेदनेनं, हट्ट नसतो तो, हे मला तिथं कळलं. पाण्याचं कार्ड दिलं की पाणी मिळतं, हे तिला कळलं. हळूहळू "दे" आला, "पानी" आला, "बस" आला. एक कार्ड माझ्या फोटोचं होतं. त्यावर 'मम्मी', कारण बिल्डिंगमधली सगळी पोरं आईला तेच म्हणतात. मी हवी असले की ती ते कार्ड माझ्या हातात ठेवायची. तोंडानं मात्र नाही. थेरपिस्ट म्हणायची, "कार्ड दिलं म्हणजे हाकच मारली, ताई." बुद्धीला पटायचं, मनाला पटायचं नाही. जिन्यात दिवसभर पोरं "मम्मी, मम्मी" करत असायची आणि मला त्या बायांचा हेवा वाटायचा. आपल्याच शेजारणींचा हेवा करावा, याची लाजही वाटायची. एवढी एकच गोष्ट मला हवी होती.

यंदाची गोष्ट. सकाळची वेळ. मी थेरपी सेंटरच्या बाहेर बाकी आयांबरोबर बाकावर बसले होते. आत ती झोक्यावरून पडली. रडणं ऐकू आलं आणि दार उघडलं. ती दारात उभी होती, ओठ फुटलेला, हात रिकामे. कार्ड नव्हतं. ती बाकावरच्या एकेका बाईकडे बघत म्हणाली, "माय."

मी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतेय म्हणून. गावाकडे आम्ही आईला माय म्हणतो, पण हा शब्द मी तिला कधीच शिकवला नव्हता. त्या आठ महिन्यांत दर दुपारी मी माझ्या आईला फोन करायचे. पोरीच्या कानावर गावठी पडू नये म्हणून गॅलरीत जायचे, दार ओढून घ्यायचे आणि दबक्या आवाजात बोलायचे. "माय, ऐकायलीस का? माय, करमंना गं इथं." ही दाराच्या आत चिमटे लावत बसलेली असायची. मला वाटायचं, हिला कुठं काय कळतंय.

"माय!" ती पुन्हा ओरडली, या वेळी माझ्याकडे बघून, चांगली चिडून.