सुभानपुऱ्याचं मशीन

माझं टायरचं दुकान बडोद्याला, प्रतापनगरात, रेल्वेच्या वर्कशॉपकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आधी पाळीला जाणाऱ्या कामगारांच्या सायकली आणि स्कूटरी यायच्या, मग त्यांच्या मुलांच्या मोटारसायकली, आणि हळूहळू गाड्या. आजोबा संस्थानच्या फौजेत घोड्यांना नाल ठोकायचे. वडील म्हणायचे, आपण अजूनही पायांचंच काम करतो.

माझा मावसभाऊ या धंद्यात आला तो त्याचा कारखाना बंद पडला म्हणून. नव्वदच्या दशकात बाहेरचा माल यायला लागला आणि त्याच्या कारखान्याला टाळं लागलं. तिशी उलटलेली, पदरात दोन मुलं. मावशी आईकडे येऊन रडली. मी म्हणालो, "पाठव माझ्याकडे." चार वर्षं मी त्याला शिकवलं. लिव्हर कुठे घालायची, टायरची कड रिममधून कशी सोडवायची, साबणाच्या पाण्यात बुडबुडा कसा शोधायचा, सगळं. मग एक दिवस तो म्हणाला, "दादा, तुझी हरकत नसेल तर सुभानपुऱ्यात स्वतःचं काही बघतो."

"बघ की," मी म्हणालो. पेढेही वाटले. मनात होतं, सहा महिन्यांत परत येईल.

तो परत आला नाही. काही वर्षांत त्याच्या दुकानाला काचेचं दार आलं, आत एसी आला, बसायला सोफा आला, आणि टायर चढवायचं-उतरवायचं मोठं मशीन आलं. माझी बायको एकदा बघून आली आणि दोन दिवस त्या सोफ्याबद्दलच बोलत होती. मी मात्र पाऊल ठेवलं नाही. पण बँकेत जायचं असलं की वाट वाकडी करून सुभानपुऱ्यावरून जायचो आणि त्याच्या दारात किती गाड्या उभ्या आहेत ते स्कूटरवरूनच मोजायचो. दोन असल्या तर बरं वाटायचं. पाच असल्या तर दिवसभर कुणाशी धड बोलायचो नाही.

दांडिया बाजारात नात्यातल्या एका मुंजीला आम्ही पंगतीत शेजारी बसलो होतो. समोरच्या काकांनी माझ्यादेखत त्याला विचारलं, "तुझ्याकडे म्हणे आता परदेशी गाड्या येतात?"

मग तो सगळ्यांना सांगायला लागला. या गाड्यांचे टायर वेगळे, रनफ्लॅट. बाजूची भिंत इतकी जाड की हवा गेली तरी गाडी बसत नाही, तशीच चालते. म्हणून डिकीत स्टेपनीच देत नाहीत. "पण दादा," तो माझ्याकडे वळला, "हा टायर फसवतो. बाहेरून शाबूत दिसतो. बिनहवेचा फार पळवला असला तर आतून चुरा झालेला असतो. उघडून आत बघितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही."

ज्याला मी लिव्हर धरायला शिकवली, तो मला भर पंगतीत शिकवत होता. मी वाढप्याला हाक मारून मठ्ठा मागवला.

त्यानंतर काही महिन्यांनी माझे एक जुने गिऱ्हाईक आले. मकरपुऱ्याला त्यांचा छोटा कारखाना होता. त्यांची पहिली स्कूटर, मग छोटी गाडी, मग मोठी, सगळ्यांचे टायर माझ्याच हातचे. त्या दिवशी ते नव्या जर्मन गाडीतून उतरले. मागच्या डाव्या टायरमध्ये हवा नव्हती, पण गाडी ताठ उभी होती.

"थशे, भाई? होईल ना?" त्यांनी विचारलं. "का सुभानपुऱ्याला जाऊ? तिथे मशीन आहे म्हणतात."

ते आणखी काही बोलायच्या आत मी जॅक लावला. "केम न थाय? न व्हायला काय झालं? वीस वर्षं कोण करतंय तुमचं काम?"

ते खूश होते. तीसेक किलोमीटर मागे, करजणजवळ, स्टिअरिंगसमोर टायरचा दिवा लागला म्हणाले, पण गाडीत काही जाणवलंच नाही. शंभर-एकशेदहाने सरळ इथपर्यंत आलो. मी टायरच्या भिंतीला हात लावला. चटका बसला. मुंजीतलं बोलणं शब्दन् शब्द आठवलं, आणि आठवलं म्हणूनच मी ते ऐकायचं नाही असं ठरवलं.

चाक काढलं, लिव्हरी घातल्या. अंगाचं पूर्ण वजन टाकलं. माझ्या हातून न सुटलेली कड मी तोवर पाहिली नव्हती. ही जागची हलेना. लिव्हर सटकली आणि चकचकीत रिमवर ओरखडा उठला. गिऱ्हाईक तेव्हा फोनवर होते, त्यांनी पाहिलं नाही. मी लिव्हरी बाजूला ठेवल्या. "उघडायची गरज नाही," असं मोठ्याने म्हणालो. टायरमध्ये रुतलेला खिळा काढला, भोकात बाहेरूनच रबराची दोरी ठोकली, हवा भरली. साबणाच्या पाण्यात एक बुडबुडा नाही. हवा जरा जास्त झाली होती म्हणून थोडी सोडली, तर तिच्याबरोबर बारीक काळी पूड तळहातावर आली.

मी हात पँटला पुसला.

"उद्या सकाळी मुलीला आणि नातीला अहमदाबादला सोडायचंय, विमान आहे," ते म्हणाले. "चालेल ने?"

"बिनधास्त जा."

दुपारी जेवायला घरी गेलो. पँटवर काळा पट्टा तसाच होता. बायकोने विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

"त्या गाडीत ती पोर बसणार आहे?"

"हो."

"मग जेवताय काय? फोन करा."

खरं सांगतो, तेव्हाही मी पहिल्यांदा दुसरं कुठलं दुकान आठवतंय का ते बघत होतो. कुठलंही चाललं असतं, फक्त त्याचं नको. पण तसं मशीन मला माहीत असलेलं एकच होतं. शेवटी फोन केला. "तुम्ही आत्ता सुभानपुऱ्याला जा, टायर उघडून घ्या. मी आत बघितलेलं नाही."

"पण तू तर बिनधास्त म्हणालास!"

"म्हणालो. चुकलं."

मीही स्कूटर काढली. त्या काचेच्या दारातून आत जाण्याची ती माझी पहिली वेळ. मावसभावाने चाक मशीनवर चढवलं, दोन लोखंडी हात टायरवर दाबले, पायाने पेडल दाबलं, आणि जी कड माझ्याने हलली नव्हती ती निमूटपणे बाहेर आली. त्याने टायर तिरका केला. आतून वाटीभर काळा चुरा फरशीवर पडला. आतली भिंत शिळ्या भाकरीसारखी सुटत होती.

गिऱ्हाइकाने चुऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊ म्हणाला, "दादाला शंका आली म्हणून बरं. बाहेरून हे कुणालाच कळत नाही."

त्याला सगळं कळलं होतं. बाहेरून ठोकलेली दोरी त्याला दिसत होती, रिमवरचा ओरखडाही दिसत होता. त्यावरून त्याचा अंगठा एकदा फिरलेला मी पाहिला. त्याने मला चारचौघांत बोल लावला असता तर मी त्याचा खुशाल राग राग केला असता. त्याने मला सांभाळून घेतलं, आणि तेच जास्त झोंबलं. कॉफी आली. सोफा खरंच चांगला होता.

तो टायर बडोद्यात मिळेना, मुंबईहून यायला आठवडा लागला. मुलगी आणि नात टॅक्सीने अहमदाबादला गेल्या. त्या गाडीचं काम पुढे कायमचं सुभानपुऱ्याला गेलं. माझ्याकडे त्यांच्या कारखान्यातली स्कूटर तेवढी येत राहिली.

"रविवारी ये ना दादा, मशीन दाखवतो," भाऊ दर भेटीत म्हणायचा. मी गुडघ्याचं कारण सांगायचो. दिवाळीनंतर एका रविवारी गेलो. त्याने माझा पाय धरून पेडलवर ठेवला, जसा मी एकेकाळी त्याचा हात धरून लिव्हरीवर ठेवायचो. दुसऱ्याच टायरला मला अंदाज आला. तिसऱ्याला मी त्याला थांबवलं. तो मशीनचा हात वाल्व्हच्या अगदी जवळ लावत होता. तिथे आत हवेचा दाब मोजणारा नाजूक सेन्सर असतो, हे त्यानेच मला तासाभरापूर्वी सांगितलं होतं.

"अरे, तुटेल ना तो!"

तो दचकला, मग हसला. आपल्या दोन्ही कारागिरांना हाक मारून म्हणाला, "बघा, दादाची नजर बघा."

मला फार बरं वाटलं. त्याने कौतुक केलं म्हणून थोडं, पण जास्त करून तो चुकत होता म्हणून. घरी येताना अकोट्याच्या पुलावर मी स्वतःशीच शीळ घालत होतो. ते बायकोला सांगितलं नाही.