फळ्याच्या कोपऱ्यातली भरती

इनास सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुळिंजच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभी होते. शाळेच्या क्लार्कने एवढंच सांगितलं, झोपेतच गेले, हार्ट अटॅक, दफन उद्या. मी "बरं" म्हणाले. मग जुडीची देठं पाहिली, भाव केला, घरी फुलपाड्याला येऊन ती निवडलीसुद्धा. आता रडू येईल, मग येईल, अशी वाट पाहत राहिले... आलं नाही. दफनाला आलं नाही, महिन्याने चर्चमध्ये त्यांच्यासाठी झालेल्या मिस्सेलाही नाही. आत सगळं बधिर. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत. कसली खंबीर!

वसईत पापडीजवळच्या आमच्या शाळेत सर भूगोल शिकवायचे, मी मराठी. ते पाचूबंदरचे, ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातले. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन इकडे आलेली. समुद्र म्हणजे भरपूर खारं पाणी, एवढंच माझं ज्ञान. सरांची एक सवय होती. सातवीच्या वर्गातल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ते एक चौकट आखायचे आणि तिच्यात रोज मुलांकडून आजची तिथी आणि भरतीची वेळ लिहून घ्यायचे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता याचा अंदाज निघतो, हे किनाऱ्यावरचं जुनं गणित. "सर, तुम्ही ख्रिस्ती, आणि तिथ्या कसल्या मोजता?" मी एकदा चिडवलं. शाळेत एरवी शुद्ध बोलणारे सर अशा वेळी घरच्या बोलीत शिरायचे. म्हणाले, "बाई, पानी चर्चला बी जात नाय, देवळात बी जात नाय."

त्या चौकटीचं महत्त्व मला कळलं ते अर्नाळ्याच्या सहलीत. सुट्ट्यांची यादी समोर ठेवून मी तारीख आणि वेळ ठरवली होती, सरांना विचारलंच नव्हतं. बेटावरच्या किल्ल्यावर जायला किनाऱ्यावर पोचलो तर पूर्ण ओहोटी. होडी लांब उभी, मध्ये नुसता चिखल. साड्या वर खोचून, चपला हातात घेऊन आम्ही सगळ्या शिक्षिका त्यातून निघालो आणि माझी एक चप्पल तिथेच राहिली. पोरं खिदळत होती. सर मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तिथी बघितली असती तर चप्पल वाचली असती." पुढची कितीतरी वर्षं स्टाफरूममध्ये माझ्या चपलेची चौकशी होत राहिली.

म्हणूनच शाळेने राज्याचा अभ्यासक्रम सोडून देशभरातला एकच घ्यावा का, अशी चर्चा सुरू झाली तेव्हा सर विरोधात असणार, हे मी गृहीत धरलं होतं. सर निघाले बाजूने! मला धक्काच बसला. मी तावातावाने म्हणाले, वसईच्या मुलाला मिठागर पुस्तकात दिसायला नको? उद्या दिल्लीत बसून कोणीतरी ठरवणार, याने काय वाचायचं? सर शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमच्या जेनीचं ठाऊक हाय ना तुमाला?" जेनी त्यांची मुलगी. डॉक्टर व्हायचं होतं तिला. प्रवेश परीक्षा साऱ्या देशाला एक, आणि तिने शिकलेली पुस्तकं वेगळी. दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून अभ्यास केला पोरीने, शेवटी नाद सोडला. "मिठागर तिला मी दाखवलं असतं बाई. आयुष्यभर तेच बघतो ना आपन. पन परीक्षेतलं पुस्तक मी कुटून आननार होतो?" तरी मी हार मानली नाही, आणि सरांनीही. रोज डबा खाताना वाद, आणि वाद घालता घालता माझ्या डब्यातला ठेचा त्यांच्या डब्यात, त्यांच्याकडची सुकी मासळी माझ्याकडे.

सर गेल्यावर शाळेचा निर्णय झाला. जूनपासून देशाचा अभ्यासक्रम. म्हणजे सर जिंकले. मला ते अजून पटलेलं नाही, आणि ते ज्याला सांगावं तो माणूस नाही. डबा आता मी पाच मिनिटांत संपवते.

सरांचे सातवीचे तास माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी फळ्याकडे पाहिलं तर कोपऱ्यात चौकट तशीच. सप्तमी, सव्वापाच. सरांच्या शेवटच्या दिवसाची भरती. मी बाकीचा फळा पुसायचे आणि चौकटीपाशी डस्टर थांबवायचे. मुलंही तिला धक्का लावत नव्हती. असे कितीतरी दिवस गेले.

परवा पहिल्या बाकावरची अर्नाळ्याची मुलगी उठली. "बाई, ते पानी पुसा ना."

"का गं? सरांनी लिहून घेतलेलं आहे ते."

"सरच बोलायचे. शिलं पानी लिहून ठेवायचं नाय. वाचून कोनतरी होडी काढील आणि फसल."

नव्या पुस्तकात ही चौकट असणार नाही, आणि ती असावी असं सरांनी कधी म्हटलंही नव्हतं. ते काम त्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं. मी डस्टर घेतलं. सप्तमी पुसली, सव्वापाच पुसलं. "आज तिथी कोणती?" एकादशी, पोरं ओरडली. पाऊणपट मलाच पटकन जमेना, त्यांनीच सांगितली. सव्वाआठ लिहिताना खडू मोडला, आणि मला त्या वर्गासमोर, फळ्याकडे तोंड करून, पहिल्यांदा रडू आलं.