धोंडप्पाचा गिअर

रेणुकादास सरांच्या जुन्या मारुतीचा गिअर धोंडप्पाशिवाय कोणालाच पडत नसे. दांडा असा गदागदा हालायचा की तो न्यूट्रलमध्ये आहे की तिसऱ्यात, हे खुद्द दांड्यालाही सांगता आलं नसतं. सरांच्या पत्नी विनीता मॅडम एकदा मोठ्या हौसेनं गाडी घेऊन निघाल्या. दुसरा टाकायला गेल्या तर चौथा पडला, गाडी भर चौकात आचके देत बंद पडली आणि मागच्या ऑटोवाल्यानं त्यांच्या माहेरची आस्थेनं चौकशी केली. त्या दिवसापासून मॅडम मागच्या सीटवर बसायच्या आणि पुढं धोंडप्पा ड्रायव्हर.

सरांना नवी गाडी परवडत नव्हती असं नाही. लातुरात तेव्हा क्लासवाल्यांचं राज्य होतं. हदगाव-भोकरपासूनचे आईबाप ट्रंक आणि पोर एकदमच एसटीतून उतरवायचे आणि डॉक्टर करूनच परत द्या म्हणायचे. सरांचे लातुरात दोन क्लास होते, नांदेडात एक. पण ही मारुती त्यांच्या पहिल्या तुकडीचा निकाल लागला त्या वर्षी आलेली, म्हणून पायगुणाची. मुलांना फिजिक्स शिकवणारा हा माणूस त्या गाडीचा एक खिळासुद्धा बदलू द्यायचा नाही. निकाल मात्र दरवर्षी लागत होता, मग हसायचं कोणी?

त्या गाडीच्या स्टिअरिंगमागच्या सीटवर रामलिंगचा जीव अडकला होता. औसा रोडला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. हात चांगला होता, गिऱ्हाईकही होतं, पण कोणी 'मेस्त्री' म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. कारण तो मुळात ड्रायव्हर. तरणाबांड असताना निलंगा ते लातूर जीप चालवायचा, खिडकीत कोपर टाकून, अर्ध्या गावाला नावानं हाका मारत. त्र्याण्णवच्या भूकंपात दगडमातीची भिंत त्याच्या डाव्या हातावर बसली. हाताला अंगठा आणि एक बोट तेवढं राहिलं, आणि आपल्याकडं गिअर डाव्याच हातानं टाकतात. जीपमालकानं दुसऱ्याच महिन्यात नवा माणूस बसवला. त्यानंतर अठरा वर्षं रामलिंग लोकांच्या गाड्या नीट करायचा आणि लोक त्या चालवत घेऊन जायचे.

मरायच्या आधी पुन्हा एकदा कोणाच्या तरी गाडीचा ड्रायव्हर व्हायचं, एवढं एकच त्याला हवं होतं. बायको सिंधु तोंडाची तिखट. "दोन बोटांत कुंकू मावतं, गिअर न्हाई मावत," म्हणायची. पोरबाळ नव्हतं, त्यामुळं तिला टोमणे मारायलाही घरात हाच एक होता.

भूकंपात रामलिंगला ढिगाऱ्याखालून काढलं ते धोंडप्पानं. दोघांची घरं शेजारी. धोंडप्पाचे स्वतःचे दोन मुलगे दोन भिंतींपलीकडं गाडले गेले होते, पण रामलिंगची हाक आधी ऐकू आली म्हणून पहार आधी तिथं लागली. मुलांपर्यंत पोचेस्तोवर त्यांचे आवाज थांबले होते. यावर धोंडप्पा अठरा वर्षांत एक शब्द बोलला नाही. त्याच्या बायकोनं, शिवगंगेनं, नसबंदीचं ऑपरेशन उलटवून घेतलं आणि दोन वर्षांनी पुनम झाली. ती पुनम आता अकरावीत होती, सरांच्याच क्लासमध्ये आणि फुकट. सरांचा रिवाजच होता, प्रत्येक तुकडीत एक जागा घरच्या नोकरमाणसाच्या लेकराला.

आता माणसानं गुपित कोणाला सांगावं? ज्याचा जीव वाचवला त्याला सांगायला काय हरकत आहे, असं धोंडप्पाला वाटलं असणार. गॅरेजात चहा पिता पिता तो हसत बोलून गेला.

"गिअरला काय झालंय रे? दोन-चार बुश बदललं की झालं. पण मी सायबाला म्हनतो, हात लावू नका, पायगुण जाईल. दांडा डावीकडं न्यायचा, जरासा उचलायचा, शिव शिव म्हनायचं, मग वढायचा. हे दुसऱ्याला येत न्हाई, तवर धोंडप्पाला कोन काढतंय?"

रामलिंगही हसला. पण घरी जाईपर्यंत त्याच्या डोक्यात किडा शिरला होता. रात्रभर वळवळला आणि सकाळी त्याला थेट सरांच्या ऑफिसात घेऊन गेला.

"सर, तुमचा गिअर ढिला झालेला न्हाई," रामलिंग म्हणाला. "ढिला ठेवलेला हाय."

आणि त्यानं सगळं सांगितलं. एक शब्द खोटा नव्हता. गळा कापायला खोट्याचीच सुरी लागते असं थोडंच आहे?

सरांना गिअरचं दुःख झालं नाही. आपल्याच भोळसटपणाच्या दोरीनं नोकरानं आपल्याला दहा वर्षं बांधून ठेवलं, हे त्यांना झोंबलं. ते म्हणाले, "चार दिवसांत गिअर नीट करून दाखवा. दाखवलात, तर गाडी तुम्हीच चालवायची." धोंडप्पाला त्याच दुपारी किल्ली टेबलावर ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुनमचं नाव हजेरीतून गेलं. शिक्षा म्हणून नव्हे. बाप नोकरीत नाही, मग रिवाज लागू होत नाही, इतकं साधं.

रामलिंगनं ते काम असं केलं की लातुरात तसं कोणी केलं नसेल. दांड्यापासून गिअरबॉक्सकडं जाणाऱ्या सळईचे बुश, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या छोट्या कड्या, विरघळल्या साबणासारखे झाले होते. त्यानं लेथवर नायलॉनचे नवे कातून घेतले, केसाएवढी जागा ठेवून, कारण अगदीच आवळले तर उन्हात दांडा अडतो. दांड्याच्या बुडाची झिजलेली वाटी बदलली. जुनी गोल मूठ काढून टाकली आणि शिसवीची एक चपटी, निमुळती मूठ स्वतः घडवली. अंगठा आणि एक बोट यांच्यात नेमकी बसणारी, तळहाताचा जोर न लागणारी. ती घासताना त्याला इतका आनंद झाला की तो चक्क गाणं गुणगुणत होता.

तिसऱ्या दिवशी तो गाडीखाली उताणा पडलेला असताना शेजारी दोन चपला येऊन थांबल्या. धोंडप्पाच्या होत्या.

"रामलिंगा, एक बुश जुनाच राहू दे."

रामलिंग सळईवरचं ग्रीस पुसत राहिला.

"लई न्हाई मागत. पुनमची बारावी होऊस्तोर. दीड वरीस. मग गाडी तूच घे, मी आपल्या हातानं किल्ली देतो."

"सरांनी सांगितलंय," रामलिंग गाडीखालूनच म्हणाला.

"व्हय," धोंडप्पा म्हणाला आणि चपला निघून गेल्या.

त्यानं भूकंपाच्या त्या पहाटेचं नाव काढलं असतं, तर कदाचित रामलिंग बाहेर आला असता. पण ते नाव काढायचा धोंडप्पाचा स्वभाव नव्हता, आणि रामलिंगला ते पक्कं ठाऊक होतं. त्यानं पाना उचलला आणि शेवटचा बुश नवाच बसवला. असल्या माणसाला काय म्हणावं, ते वाचणाऱ्यानं ठरवावं; माझं ठरलेलं आहे. पुनम त्या आठवड्यात निलंग्याला मामाकडं गेली, तिथल्या कॉलेजात.

शनिवारी सर आणि मॅडम मागं बसले आणि रामलिंगनं मारुती नांदेडच्या रस्त्याला घातली. दोन बोटांनी पहिला टाकला, दुसरा, तिसरा. दांडा जिथं न्यावा तिथं जाऊन टक् करून बसत होता. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, कुठं एकदा गिअर चुकला नाही. नांदेडच्या क्लासवरचा शिपाई म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, चहा घ्या." रामलिंगनं कप घेतला आणि तोंड फिरवलं. त्याला रडू येत होतं. अठरा वर्षांनी त्याला कोणीतरी त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली होती.

परतताना अहमदपूरच्या पुढं रस्ता मोकळा लागला तशा मॅडम म्हणाल्या, "जरा थांबवा हो, मी बघू का चालवून?"

बघू नका असं ड्रायव्हर कसा म्हणणार? मॅडम पुढं बसल्या. ती निमुळती मूठ त्यांच्या लहानशा हातात बेतून केल्यासारखी बसली. लातूर येईपर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही. मॅडम लहान मुलीसारख्या हसत होत्या आणि सर मागून टाळ्या वाजवत होते.

"आठ दिवस शेजारी बसून शिकवा यांना," सर म्हणाले. रामलिंगनं शिकवलं. चढावर क्लच कसा धरायचा, वळणाआधी गिअर कधी उतरवायचा, सगळं. वाईट शिकवावं असं एकदा मनात आलंही, पण चाकापुढं त्याला खोटं वागता येत नव्हतं. ते त्याला माणसांपुढंच जमायचं. मॅडम भरभर शिकल्या.

नवव्या दिवशी सरांनी त्याला ऑफिसात बोलावलं, समोर खुर्ची दिली, पेढा दिला.

"रामलिंग, कमाल केलीत तुम्ही. असा गिअर केलात की आता ड्रायव्हरची गरजच उरली नाही बघा!" सर मनापासून म्हणाले. त्यांना ही शाबासकीच वाटत होती. दिलेला शब्द त्यांच्या ध्यानातही नव्हता. "पण तुमचे उपकार मी ठेवायचा नाही. अकरावीच्या तुकडीत एक जागा रिकामी झालीय. तुमचं कोणी लेकरू असेल तर पाठवा. पूर्ण फुकट शिकवतो."

रामलिंगच्या हातात पेढा तसाच होता. तेल गेलं, तूपही गेलं, आणि तरी देवानं त्याच्यापुढं एक संधी ठेवली होती. फक्त एक नाव घ्यायचं होतं. पुनम. सरांनी भुवई उडवली असती, दोन प्रश्न विचारले असते आणि शब्द पाळला असता.

पण नाव घेतलं असतं तर निरोप घेऊन धोंडप्पाच्या दारात जावं लागलं असतं. धोंडप्पानं पाणी दिलं असतं, बसायला पोतं टाकलं असतं आणि साधेपणानं विचारलं असतं, गाडी कशी चाललीय, तूच चालवतोस ना? त्या प्रश्नाला उत्तर देण्याची लाज रामलिंगनं मनात तोलून पाहिली. पोरीच्या आख्ख्या शिक्षणापेक्षा ती जड भरली.

"न्हाई सर," तो म्हणाला. "आमचं कोनी न्हाई."

सोमवारी त्या जागेवर भोकरची एक मुलगी येऊन बसली.