काकू, हात द्या

"काकू, हात द्या बघू," असं म्हणत ती समोर बसायची. मी हात पुसून पुढे करायच्या आत तिने तो ओढून घेतलेला असायचा. मग कोपरापासून खाली बोट फिरवत यायची. "ही रेडियस, अंगठ्याच्या बाजूची. ही अल्ना, करंगळीच्या बाजूची. आणि हे कार्पल्स, सगळे बारके बारके." माझ्या हाताला पीठ असो नाहीतर कारखान्यातली पांढरी भुकटी, तिला काही वाटायचं नाही.

मला ती नावं माणसांची वाटायची. अल्ना म्हणजे कुणाची तरी लाडावलेली, शेंबडी पोर. मी तसं एकदा तिला सांगितलं, तर हसून जमिनीवर लोळली. "काकू, परीक्षेत मला हसू फुटलं तर तुमच्यामुळे!"

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात घासकाम करते. साच्यातून निघालेल्या मूर्तीला पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करायचं, एवढंच. रंग दुसरे देतात, डोळे मालक स्वतः आखतात. माझी शाळा चौथीपर्यंत. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून जे सांगावंसं वाटतं ते लिहून ठेवते. वाचणारं कुणी असेलच, तर तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. घरात येतं तेव्हा पाहुणं असतं, आणि गेल्यावर कळतं की घर त्याचंच झालं होतं.

नवरा गेल्यापासून आमची मागची खोली रिकामी होती. ती तिथे अकरावीला राहायला आली. गाव निडीच्या बाजूला, रोह्याच्या अलीकडे. कॉलेज सुटलं की क्लास, आणि क्लास सुटेपर्यंत गावाकडची गाडी निघून गेलेली. सोडायला बाप आला होता. खांद्यावर वालाचं गाठोडं आणि तोंडात एकच वाक्य, "पोर डॉक्टर होनार हाय. तेवढी जरा बघा." मी मान हलवली. आम्ही दोघंही न बोलणारी, त्यामुळे चहा फार शांतपणे झाला.

पोरगी मात्र बोलकी. केसांत पिनेऐवजी पेन खोचून खोलीभर फिरत मोठ्याने पाठ करायची. रविवारी मी कोंबडी आणली की धावत यायची. "काकू, काळीज कापू नका हां, अख्खं ठेवा." मग ताटलीत घेऊन ब्लेडने हलकेच उघडायची, आतले कप्पे मला दाखवायची आणि ताटली परत द्यायची. "झालं. शिजवा आता." सुरुवातीला मला ते खाववत नसे. पुढे सवय झाली.

एकदा डबा द्यायला कारखान्यात आली आणि एका मोठ्या मूर्तीचं मनगट चाचपून मालकांना म्हणाली, "काका, यांच्या मनगटात हाडच नाही हो."

"देव हाय गो तो. त्याला हाड कशाला?"

"मग एवढा मोदक पेलणार कसा?"

सगळा कारखाना हसला. त्या दिवसापासून मालक तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले.

हाडं, रक्त, काळीज तिला तोंडपाठ. अडायचं ते फिजिक्सला. फिजिक्सचं पुस्तक काढलं की तिचा आवाज बारीक व्हायचा, आणि मला मागच्या खोलीतून नुसता पान उलटल्याचा आवाज यायचा. त्यात मी काय करणार? चहा नेऊन ठेवायची.

बारावीला तिला चांगले मार्क पडले. डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा वेगळी, त्या नीटचा निकाल अजून यायचा होता. पण गावाला कुठला धीर! तिच्या चुलत्याने आणि मंडळाच्या पोरांनी गावाच्या वळणावरच्या खांबाला फ्लेक्स लावला. "भावी डॉक्टर" म्हणून मोठं अभिनंदन. पांढरा कोट घातलेल्या कुणा बाईच्या धडावर हिचं तोंड चिकटवलेलं. तिने मला मोबाईलवर फोटो दाखवला.

"हात बघा काकू. माझे नाहीत."

खरंच, ते हात गोरे, भरलेले, नखं रंगवलेली. आम्ही पोट धरून हसलो.

मग नीटचा निकाल आला. फिजिक्सने घात केला. डॉक्टरकीला नंबर लागण्याइतके मार्क नव्हते. ती रडली नाही. ओट्यावर बसून म्हणाली, "काकू, तो फ्लेक्स अजून तिथेच असेल ना?"

तेव्हापासून ती गावी जाईना. पुन्हा परीक्षा द्यायची म्हणून खोली तशीच ठेवली. बापाचा फोन आला की म्हणायची, "अभ्यास आहे बाबा." पलीकडून तो म्हणायचा, "बरं." एवढ्यावर फोन संपायचा. संध्याकाळी स्टेशनाकडून भोंगा ऐकू आला की पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, "रोह्याची गेली."

गणपतीत आमच्या मूर्ती गाड्या भरभरून गेल्या. कारखान्यात नुसत्या रिकाम्या फळ्या उरल्या. आळीतली माणसंही आपापल्या गावी गेली. आम्ही दोघीच मागे. मी मोदक केले. तिने एक खाल्ला आणि म्हणाली, "आमच्याकडे आई सारणात खसखस जास्त घालते." "हात द्या" म्हणणंसुद्धा त्या दिवसांत कमी झालं होतं. मी आपली हात पुसून तिच्याजवळ बसायची.

थंडी सरत आली, वाल काढायचे दिवस आले. एका रविवारी ती म्हणाली, "काकू, माझ्याबरोबर घरी याल? परकं माणूस सोबत असलं की लोक जास्त विचारत नाहीत."

मला कुणाकडे जायचं म्हणजे आदल्या दिवसापासून नको वाटतं. पण गेले.

निडीला उतरून आम्ही चालत निघालो. वळण जवळ आलं तशी तिने ओढणी डोक्यावरून पुढे ओढली. खांब दिसला. त्यावर काही नव्हतं. नुसता तारेचा एक तुकडा लोंबत होता.

घरासमोरच्या खळ्यात बाप वाल झोडत होता. वालाखाली फ्लेक्स अंथरलेला. शेंगांच्या कडेने पांढऱ्या कोटाची बाही आणि ते गोरे, नखं रंगवलेले हात बाहेर आले होते. तिचं तोंड जिथे होतं, तेवढा भाग त्याने दुमडून आत घेतला होता. त्यावर वाल पडू दिले नव्हते.

"बाबा, हा कधी काढलात?"

"तुजा निकाल लागला ना, त्याच सांजेला."

"मग मला सांगितलं का नाही?"

बापाने काठी खाली ठेवली. "तू इचारलंस कवा?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मना वाटला, पोर अभ्यास करते."

ती खळ्यात बसली आणि वालाच्या शेंगा मुठीत धरून रडली. इतके महिने साठलेलं सगळं. आई आतून धावत आली. "अगो, काय झाला? अभ्यास लय हाय काय?" मी अंगणात पाठ वळवून उभी राहिले. दुसऱ्याच्या घरचं रडणं आपण बघू नये. पण मला तेव्हा वाटलं, मलाही कुणी असं घरी न्यायला हवं होतं.

त्यानंतर ती दर रविवारी गावी जायला लागली. खोली रविवारी रिकामी, पण सोमवारी ती हसत यायची. फिजिक्सही मोठ्याने वाचायला लागली.

दुसऱ्या खेपेला नंबर लागला. मी एका मूर्तीचा हात घासत होते. ती कारखान्यात आली, माझ्या हातातला पॉलिश पेपर काढून ठेवला, माझं मनगट धरलं आणि नुसती उभी राहिली. मंडळाची पोरं पुन्हा फ्लेक्सचं विचारायला गेली, तर बाप म्हणाला म्हणे, "पयली होऊ दे डॉक्टर, मग बघू." मला मात्र त्याने वाल आणून दिले, पहिल्यापेक्षा मोठं गाठोडं.

कॉलेज सरकारी, पण लांब, विदर्भात. सुरुवातीला फोन रोज यायचा. मग आठवड्याने. एकदा फार आनंदात होती.

"काकू, आम्हाला खरी हाडं मिळाली! मैत्रिणींत मिळून एक पेटी."

"हाताची पण?"

"हो, अख्खा हात आहे."

"मग माझा सुटला गो."

ती हसली. पलीकडे तिला कुणीतरी हाक मारली. "ठेवते हं काकू, नंतर करते."

तिला हवं होतं ते मिळालं. मीही देवाजवळ तेच मागितलं होतं, दुसरं काही नाही.

आता घासकाम जोरात आहे. मूर्तीच्या मनगटाशी आले की पॉलिश पेपर थोडा हळू फिरतो. संध्याकाळी घरी येते, दिवा लावते. आणि चहा ठेवायच्या आधी, बसण्याआधी, पदराला हात पुसून घेते.