येळवशीच्या दिवशी अंबाजोगाईत

लग्नाला वीस वर्षं झाली तरी सासूबाईंचं एक म्हणणं बदललं नव्हतं. तुमच्या बीडकडं खायला काय, तर भाकरी आणि वरून मिरची. त्या पक्क्या सातारच्या. परळीला वैजनाथाच्या दर्शनाला नेते म्हटल्यावर लगेच तयार झाल्या, पण निघताना दशम्यांचा भलामोठा डबा सोबत घेतला. मला ते झोंबलं. दर्शन झाल्यावर मी गाडीतच जाहीर केलं की डबा उघडायचा नाही. जवळच अंबाजोगाई आहे, तिथं अस्सल आमचं जेवण खाऊ घालते आणि नंतर एखाद्या निवांत जागी बसवते. माहेरची अब्रू मी अशी एका जेवणावर लावली.

अंबाजोगाईत शिरलो तर गाव बंद. खानावळी बंद, चहाच्या टपऱ्यासुद्धा बंद. भर बाजारात रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं आडवं पसरलं होतं आणि त्याला उठवायला कुणी नव्हतं.

"निवांत म्हणालीस ते तर खरं निघालं," सासूबाई म्हणाल्या. "आता अस्सल तेवढं दाखव."

नवऱ्यानं शहाण्यासारखं समोर बघून गाडी चालवली. एकच हॉटेल उघडं दिसलं, त्याच्या पाटीवर पंजाबी आणि चायनीज. तिथं जेवण्यापेक्षा मी उपाशी राहिले असते. पुढं चला म्हटलं.

गाव संपलं आणि रानं सुरू झाली, तर सगळं गाव तिथं. ज्वारीच्या पिकात कडब्याच्या खोपी उभ्या केलेल्या, त्यांच्याभोवती माणसंच माणसं. मी उतरून बांधावरच्या एका बाईंना विचारलं, आज खानावळी कशा बंद?

"आज येळवस न्हाई का," त्या म्हणाल्या. "गावात कोन ऱ्हातंय? तुमी कुठल्या?"

"बीडचीच. आष्टीकडची."

"मग ठावं कावून न्हाई?"

कारण आष्टीकडं येळवस नसते. मार्गशीर्षातल्या अवसेला सगळ्यांनी रानात जाऊन जेवायचं, ही रीत आमच्याच जिल्ह्याच्या या टोकाला आहे. जन्मभर मी बीडची म्हणून मिरवले आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सासूबाई गाडीच्या खिडकीतून सगळं ऐकत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण त्या बाईंनी तोवर गाडीचं दार उघडलं होतं. "उतरा आक्का. आज जेवल्याबिगर कुनाला सोडत नसतेत."

खोपीत बसलो. पत्रावळीवर भज्जी आली, म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे आणि हाताला लागेल ती पालेभाजी, सगळं बेसन लावून एकत्र शिजवलेलं. सोबत बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे. माठातलं आंबील, ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आंबवलेलं, गार. सासूबाईंनी आधी बोटाच्या टोकाला लावून भज्जी चाखली. मग सगळी संपवली. मग पत्रावळ पुढं केली. लग्नाकार्यातसुद्धा आग्रहाशिवाय वाढून न घेणाऱ्या सासूबाईंनी माझ्यादेखत तीनदा भज्जी मागून घेतली. माझा जीव भांड्यात पडला, आणि खोटं कशाला सांगू, मला उकळ्या फुटत होत्या.

जेवण झाल्यावर त्या तिथंच कडब्यावर आडव्या झाल्या. माणसं हळू आवाजात बोलत होती, ज्वारी वाऱ्यानं सळसळत होती. प्रवासात कधी डोळा न लागणाऱ्या सासूबाई चक्क घोरल्या.

निघताना बांधावरच्या त्या बाई म्हणाल्या, "फुडच्या येळवशीला या बरं का."

मी रीतीप्रमाणं "बघू" म्हणणार होते.

"बघू कशाला? येणार," सासूबाई म्हणाल्या. "हिला सवड नसली तर मी एकटी येईन. माझ्या सुनेचं माहेर हाय हे, मला कोण अडवतंय?"

गाडीत बसल्यावर मी सासूबाईंच्या डब्यातली एक दशमी तोंडात घातली. तोंड मोकळं असतं तर आनंदानं रडू आलं असतं.